पंधरावं काम

"उठताना माग झाकून उठ, मालन. ज्यानं दिवसभर पोटाला दिलं, त्याला उघडं टाकून जाऊ नये."

असं सांगणाऱ्या अण्णांना, तिच्या वडिलांना, जाऊन एकवीस वर्षं झाली होती. सोलापुरातला त्यांचा चादरींचा माग तर त्यांच्याही आधी भंगारात गेला. पण दिवेलागण झाली की मालन कोष्टीचे हात अजून कापड शोधायला लागत. लग्नानंतर शिवणयंत्र झाकलं, पुढं आयटीआयमध्ये सोल्डरिंगचं टेबल झाकलं, आणि गेली तीन वर्षं ती बोरमाळच्या चाचणी केंद्रावरची बारा सौर पॅनेलं झाकत होती. संध्याकाळची शेवटची नोंद झाली की प्रत्येक पॅनेलावर दुहेरी घडीची सोलापुरी चादर घालायची, कडा दोरीनं आवळायच्या, क्षणभर हात जोडायचे आणि सायकल काढायची. सकाळी पहिल्या नोंदीआधी चादरी उतरवून पेटीत ठेवायच्या.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही होतं असंही नाही. पण नेम बोलून दाखवायचा नसतो, बोललं की त्यातलं काहीतरी सांडून जातं, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं. गुरुवारी ती एक वेळच जेवते, हेसुद्धा भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीला ठाऊक नव्हतं.

बोरमाळ म्हणजे सांगोल्याच्या पुढचं उघडंबोडकं माळरान. वर्षाचे तीनशे दिवस तिथं आभाळ कोरडं. म्हणूनच पुण्याच्या डॉ. अरुंधती वर्तकांनी आपल्या नव्या सौरघटांच्या, म्हणजे सोलर सेलच्या, चाचणीसाठी ही जागा निवडली होती. केंद्राच्या कुंपणाला लागून बॅटऱ्यांचं मोठं आवार होतं. दिवसा तयार झालेली जादा वीज तिथं साठवायची. त्या आवारात उंच खांबांवर दिवे होते आणि ते रात्रभर जळायचे. ते कुणाला वावगं वाटत नव्हतं. दिवसा वीज इतकी व्हायला लागली होती की रात्री दिवे मालवायची सवयच लोकांची मोडली होती. गावागावांत रस्ते, देवळं, शाळांची पटांगणं, सगळं पहाटेपर्यंत लखलखत असायचं.

वर्तकबाईंचा सौरघट तीन थरांचा होता. पहिल्या प्रशिक्षणात त्यांनी तो धान्याच्या चाळण्यांची उपमा देऊन समजावला होता. सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. जुन्या सिलिकॉनच्या घटाला तांबडा उजेड नीट पचतो. निळ्या-जांभळ्यात जोर जास्त, पण तो जास्तीचा जोर घटात नुसती उष्णता होऊन वाया जातो. मग एकाखाली एक तीन चाळण्या लावल्या तर? वरचा पातळ थर निळा रंग अडवेल, मधला हिरवा-पिवळा, आणि उरलेला तांबडा खालच्या सिलिकॉनला मिळेल. प्रत्येकानं आपापल्या वाट्याचं घ्यायचं. अशा घटानं शंभरातला अडतीस भाग उजेड विजेत बदलत होता. बाजारातली पॅनेलं पंचविसावरच अडकली होती.

अडचण वरच्या थराची. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा तो थर केसाहून कितीतरी पातळ. प्रयोगशाळेत उत्तम चालायचा, पण उन्हात किती वर्षं टिकेल ते सांगता येत नव्हतं. म्हणून दोन केंद्रं उघडली. एक बोरमाळला आणि दुसरं कोकणात, वेळणे बंदराच्या धक्क्यावर. वेळण्याचं केंद्र हरेश तांडेलकडे होतं.

हरेश आणि मालन वर्तकबाईंच्या प्रशिक्षणात एकाच तुकडीत शिकलेले. तो नाखव्याचा मुलगा, बोलायला मोकळा. मालन डबा उघडण्याआधी डोळे मिटायची, त्यावरून त्यानं तिला 'गुरुमाय' म्हणायला सुरुवात केली ती कायमचीच. रोज संध्याकाळी दोघं एकमेकांना आकडे कळवत. माझी पॅनेलं तुमच्यापेक्षा चांगली खातात-पितात, असं काहीतरी तो लिहायचा, आणि ती नुसतं 'बरं' म्हणायची.

पण महिन्याभरातच वेळण्याची पॅनेलं उतरायला लागली. आकडा अडतिसावरून चौतिसावर आला, मग एकोणतिसावर. दीड वर्षात ती जुन्या पॅनेलांपेक्षाही वाईट झाली. बोरमाळची बाराही पॅनेलं मात्र ठणठणीत. खारं वारं हे कारण आधी तपासलं गेलं, पण वरच्या काचेचं सील शाबूत निघालं. मग समिती बसली. समितीनं मालनला विचारलं, तुमच्याकडे असं का होत नाही? तिनं उत्तर लिहून दिलं. पॅनेलांत दोष दिसत नाही, रोजची कामं वेळच्या वेळी केली तर ती उत्तम चालतात, एवढंच. त्या कागदाच्या आधारावर वर्तकबाईंच्या अहवालात एक ओळ आली, 'वेळणे केंद्रावरील घट हाताळणीतील हलगर्जीपणामुळे निकामी झाले.' हरेशचं काम गेलं. त्यानंतर संध्याकाळचे निरोप थांबले. मालनला वाईट वाटलं, पण खोटं आपण काही लिहिलं नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात तिची मुलगी लातूरला बाळंत झाली आणि मालन अठरा दिवस केंद्रापासून लांब राहिली. एवढी लांब ती कधीच गेली नव्हती. एक-दोन दिवसांची रजा पूर्वी व्हायची. तेव्हा आकडा किंचित हलायचा आणि ते ढगांच्या नावावर जायचं. या वेळी बदली म्हणून इरफान नदाफ आले. साठीला टेकलेले, बॅटऱ्यांच्या आवारात आयुष्य गेलेले वायरमन.

ती परतली त्या सकाळी पडद्यावर छत्तीस पूर्णांक दोन असा आकडा होता. जाताना अडतीस पूर्णांक एक होता. तिनं काचा पाहिल्या, जोडण्या पाहिल्या, धूळ पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं नदाफांना विचारलं, आणि विचारताना तिच्या आवाजाला धार आली होती. काचा रोज पुसल्या का, कोन तपासला का, सकाळची नोंद चुकली का?

नदाफांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला.

"यादीत चौदा कामं हायत, कोष्टीबाई. अठरा दिवस रोज चौदा केली, हितं सह्या हायत. पंधरावं कुठं लिवलंय ते दाखवा, म्हंजे माझी चूक म्हनतो."

मालन सह्या केलेल्या त्या कागदाकडे बघत राहिली. चौदावं काम होतं, 'शेवटची नोंद झाल्यावर दार बंद करणे.' त्याच्या खाली कोरी जागा होती.

अठरा दिवस चादरी पेटीतच पडून होत्या. ती पेटीवर बसली आणि नदाफांना म्हणाली, तुमची चूक नाही भाऊ, जरा पाणी द्या.

शंका आली म्हणून ती खरी मानायची नसते, हे ती याच कामात शिकली होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं बारातली सहा पॅनेलं झाकली आणि सहा उघडी ठेवली. बाकी सगळं सारखं. नदाफांना साक्षीला ठेवलं. रोज संध्याकाळी ते येऊन बघायचे आणि वहीत सही करून जायचे. एकविसाव्या दिवशी झाकलेली पॅनेलं सदतीस पूर्णांक नऊवर परत आली होती. रात्रभर आवारातल्या दिव्यांच्या उजेडात राहिलेली उघडी पॅनेलं चौतिसावर उतरली होती.

"तुमच्या चादरीत काय जादू हाय काय?" नदाफांनी विचारलं.

"चादरीत न्हाई," मालन म्हणाली. "अंधारात हाय."

तिनं वर्तकबाईंना फोन करून पुण्याहून बोलावून घेतलं. बाई आल्या, वही दोनदा वाचली, मग खुर्ची ओढून बॅटरी आवारातल्या दिव्यांच्या खांबांकडे तोंड करून बसल्या. त्यांना सगळं लक्षात यायला फार वेळ लागला नाही. वरच्या थरात विद्युतभार असलेले बारीक कण असतात. दिवसभर उजेडाच्या ताणानं ते जागचे सरकतात. पूर्ण अंधार मिळाला की ते हळूहळू आपल्या जागी परततात आणि थर पुन्हा सांधला जातो. पण अंधाराऐवजी खांबावरचा अंधुक उजेड मिळाला तर? तेवढ्या उजेडानंही घटात विजेचा दाब तयार होतो. रात्री यंत्रणा बंद असते, वीज खेचायला कुणी नसतं, त्यामुळे तो दाब कुठंच जात नाही. कण परत फिरू शकत नाहीत. रोज थोडे थोडे भरकटत जातात.

"वेळण्याच्या धक्क्यावर तर प्रकाशझोत आहेत," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "होड्यांसाठी. रात्रभर."

मालननं चहा ठेवला होता. तो त्यांनी तसाच राहू दिला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नदाफभाऊंना. त्यांच्यामुळंच कळलं."

"तीन वर्षं, मालनताई. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"ते काम आहे असंच कधी वाटलं न्हाई, मॅडम. घरी आपण देव झाकतो, ते कुठं लिहितो?"

बाई रागावल्या असत्या तर मालनला बरं वाटलं असतं. पण त्या मऊ आवाजात बोलत राहिल्या. येत्या बारा तारखेला हे घट छपरांवर बसवायच्या मान्यतेची बैठक होती. पहिल्या टप्प्यात साठ हजार छपरं धरली होती, आणि ती सगळी शहरांतली. रात्री घट झाकायचे किंवा त्यांची दोन टोकं जोडून दाब उतरवायचा, असे उपाय निघतील, पण प्रत्येकाची पुन्हा तीन-तीन वर्षं चाचणी घ्यावी लागेल. नाहीतर लोकांना सांगायचं, की वीज हवी असेल तर दहा तास दिवे मालवा. वीज मुबलक करून द्यायची आणि वर हे सांगायचं. कोण ऐकेल?

"आधी मान्यता होऊ दे," बाई शेवटी म्हणाल्या. "सहा महिन्यांनी आपण दुसरा अहवाल देऊ. सुधारणा म्हणून अंधाराची अट घालू. तोवर कुणाचं काही बिघडत नाही."

"हरेशचं बिघडलंय."

बाईंनी मान वर केली नाही. "ती ओळ मी आज काढली तर विचारतील, आज का काढली. मग सगळंच निघेल."

थोड्या वेळानं त्या उठल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, मी तुम्हाला अडवणार नाही, पण मला परवानगीही विचारू नका. मालनला त्यांचा राग आला नाही. तीस वर्षं एका गोष्टीमागं लागलेलं माणूस शेवटच्या पायरीवर बसकण मारतं तेव्हा कसं दिसतं, ते तिनं आधी पाहिलेलं होतं. माग भंगारात न्यायला माणसं आली त्या दुपारी अण्णा असेच दिसले होते.

आठ दिवस ती गप्प राहिली. रोजची चौदा कामं केली, पंधरावंही केलं. पोथी वाचायला बसली की ओळीवरची नजर सरकायचीच नाही. समितीपुढं दिलेल्या आपल्या कागदातलं एकेक वाक्य तिला आठवायचं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, तरी त्या शब्दांनी एका माणसाला खोटं पाडलं होतं.

नवव्या दिवशी सकाळची नोंद झाल्यावर तिनं हरेशला फोन लावला. तो आता बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मागं बर्फ फोडण्याचा आवाज चालला होता.

"बोला गुरुमाय," तो म्हणाला. "आज कसा रस्ता चुकलात?"

तिनं काहीही न वगळता सांगितलं. चादरी, अठरा दिवस, सहा आणि सहा पॅनेलं, धक्क्यावरचे दिवे. आणि तिनं दिलेला तो कागद. ऐकता ऐकता तो आवाजापासून बाजूला गेला असावा, कारण बर्फ फुटायचा आवाज लांब गेला.  मग तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही.

नोकरीचं त्याला काही वाटत नव्हतं, असं तो म्हणाला. गोष्ट वेगळीच होती. त्याचे वडील, लक्ष्मण नाखवा, ऐंशीच्या घरातले. बंदरावर त्यांचा शब्द चालायचा. मुलाला सरकारनं विश्वासानं दिलेला माल त्यानं आळसानं नासवला, ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली त्या दिवसापासून त्यांनी त्याला होडीच्या सुकाणूला हात लावू दिला नव्हता. काचेचे बारा तुकडे सांभाळता आले नाहीत, त्याच्या हाती आठ माणसं कशी देऊ, असं ते चारचौघांत बोलले होते. आता होडी चुलतभाऊ चालवत होता.

"मी ऑफिसला लिहिते, हरेश. तुला पत्र येईल, ती ओळ काढल्याचं."

"पत्रानंच तर मला खाली बसवला, मालनबाय. म्हाताऱ्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणेल, पोरगा सोयीचं तेवढं वाचतोय." तो क्षणभर थांबला. "तुम्ही या. त्याच्यासमोर बसून तोंडानं सांगा. तुमचं तो ऐकेल. तुमची पॅनेलं चांगली राहिली, हे तो अजून मला ऐकवतो."



"येते," ती म्हणाली. "पण आधी लिहिते, मग येते. बोलून आले आणि लिहिलंच न्हाई, असं नको व्हायला."

"बघा हां. म्हाताऱ्याला सांगून ठेवू?"

"सांग."

फोन ठेवल्यावर ती नोंदीच्या यंत्रापुढं बसली. त्यात एकदा शिरलेली नोंद कुणालाही, वर्तकबाईंनासुद्धा, पुसता येत नसे, आणि ती त्याच क्षणी सगळ्या समितीला दिसायची. तिनं हात धुतले, पदर नीट केला आणि लिहिलं:

'या केंद्रावरील सर्व घट गेली तीन वर्षं, माझ्या रजेचे दिवस सोडून, रोज रात्री जाड चादरीनं झाकले जात होते. हे काम यादीत नाही आणि मी ते कधी कळवलं नाही. झाकलेले आणि उघडे घट यांची एकवीस दिवसांची तुलना सोबत आहे. वेळणे केंद्रावर प्रकाशझोतांमुळे घटांना अंधार मिळाला नाही. तिथल्या माणसाच्या हातून काहीही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मालन शंकर कोष्टी.'

शेवटचं वाक्य तिनं खोडलं नाही आणि वाढवलंही नाही.

मग व्हायचं ते सगळं झालं. बारा तारखेची बैठक झालीच नाही. तीन वर्षांच्या नोंदी रद्द धरल्या गेल्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, असं मालनला कळवण्यात आलं. वर्तमानपत्रांत चार दिवस वाद रंगला. कुणी लिहिलं की रात्री दिवे मालवण्यात काय एवढं, आपले आजोबा-पणजोबा अंधारातच झोपायचे. कुणी लिहिलं की बायकांनी रात्री रस्त्यानं चालायचं कसं, ते आधी सांगा. दोन्ही वाचून मालनला दोन्ही खरं वाटलं. एका तालुक्याच्या गावानं मात्र एक गल्ली दहा तास अंधारात ठेवून बघायचं ठरवलं.

वर्तकबाईंचा फोन आला तो नेमका गुरुवारी. मालननं देवापाशी लावलेली वात सारखी केली आणि मग उचलला. मी निवृत्त होईपर्यंत हे आता होत नाही, एवढंच बाई आधी म्हणाल्या. 

"तीस वर्षं मी उजेड मोजत होते, मालनताई," बाई म्हणाल्या. "अंधारही मोजावा लागतो, हे मला कुठल्याच यंत्रानं सांगितलं नाही. नवीन यादी करायला घेतली आहे. चौकशी संपली की या."

मग त्यांनी सांगितलं की अहवालातली ती ओळ त्यांनी काढली आहे आणि आपल्या सहीचं पत्र हरेशच्या पत्त्यावर पाठवलं आहे. मालननं आभार मानले आणि म्हणाली, पत्र पोचेल मॅडम, पण मलाही जायला हवं.

शनिवारी पहाटेच अंघोळ करून तिनं देवाला हळद-कुंकू वाहिलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली, लेकीच्या बाळाचा नवा फोटो पर्समध्ये घातला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून परत कोनाड्यात ठेवला. शेजारीण दारात आली. एवढ्या सकाळी कुठं, म्हणून तिनं विचारलं. एरवी मालननं नुसतं 'इथंच' म्हटलं असतं.

"कोकणात जाते," ती म्हणाली. "एका म्हाताऱ्या माणसाला सांगायचंय, की त्यांच्या पोरानं काही नासवलं न्हाई."

शेजारणीला त्यातलं काही उमगलं नाही, पण तिनं दाराबाहेर येऊन जपून जा म्हटलं.

सांगोल्याहून कोल्हापूर, आणि कोल्हापूरला दुपारी रत्नागिरीची गाडी मिळाली. मालन खिडकीशी बसली. गाडी हलायच्या आधी कंडक्टरनं तिकीट विचारलं, तसं तिनं वेळणे बंदर सांगितलं. तो म्हणाला, ही गाडी बंदरापर्यंत जात नाही ताई, फाट्यावर उतरावं लागेल, पुढं चार किलोमीटर उतार आहे आणि संध्याकाळी त्या वाटेला वाहन मिळत नाही.

"चालेन मी," मालन म्हणाली, आणि तिनं फाट्याचं तिकीट घेतलं.